पोपटाचा डोळा आणि बंदुकीची माशी : अंजली भागवत यांच्या कारकिर्दीचे कथन व इतिहास

अंजली भागवत यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचे प्रशिक्षक संजय चक्रवर्ती हे द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आणि द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. म्हणजे या नेमबाज स्त्रीच्या चरित्रातील पात्रांची नावे तिच्या कर्तृत्वाच्या कितीतरी आधी शासनदरबारी ठरून गेली होती. हॉकीपटूला किंवा कुस्तीगिराला अर्जुन म्हटले जाते तेव्हा ते उपाधीपुरतेच राहते. नेमबाजाच्या बाबतीत मात्र उपाधीला कथा चिकटून येते. भारतीय भाषांतील वर्तमानपत्री लेखन, सत्काराची भाषणे, शालेय वाचनपुस्तकांतील धडे या सर्वांना एक आयते आशयसूत्र हाती लागते : द्रोणाने विचारले, काय दिसते? अर्जुन म्हणाला, फक्त पक्ष्याचा डोळा. बाकीचे शिष्य नापास.

एका आधुनिक क्रीडापटूच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिताना हे मिथक कितपत उपयोगी पडते आणि कोठे आड येते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

मूळ संहितेबाबत एक गोष्ट प्रथम नोंदवावी लागेल. आदिपर्वातील पक्षी हा झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला कृत्रिम भास पक्षी आहे आणि अर्जुनाला दिसते ते त्याचे मस्तक. मराठी घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या कथेत त्याचा पोपट झाला, आणि मस्तकाचा डोळा झाला. लोककथनाने लक्ष्य लहान केले, कारण लक्ष्य जितके लहान तितका नायक मोठा. द्रौपदीस्वयंवराच्या लोकप्रचलित रूपातही हेच घडलेले दिसते : खाली पाण्यात प्रतिबिंब, वर फिरता मासा आणि पुन्हा डोळाच. या दोन्ही कथांत स्त्रीला धनुष्य नाही. पहिलीत ती मुळातच अनुपस्थित आहे आणि दुसरीत ती पारितोषिक आहे. शस्त्रविद्या शिकलेली चित्रांगदा रवींद्रनाथांनी १८९२ च्या नाटकात पुढे आणली खरी, पण तिचा पेचही अखेर अर्जुनाला आपण कशा दिसतो, हाच आहे. तेव्हा नेमबाज स्त्रीचे चरित्र लिहिणाऱ्यापुढे परंपरेने ठेवलेला साचा पुरुषाचाच होता. लेखकांनी तो फारसा विचार न करता उचलला, याबद्दल त्यांना दोष देणेही कठीण आहे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. दहा मीटर एअर रायफल या प्रकारात प्रत्यक्ष जे घडते ते या कथेच्या जवळजवळ उलट आहे. स्पर्धक उभ्याने नेम धरतो. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. अंगात ताठर जाकीट, पायांत सपाट तळाचे बूट. समोरच्या कागदी लक्ष्यावरील काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचे आणि त्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. दहा मीटरवरून हा ठिपका सामान्य मानवी दृष्टीला दिसूच शकत नाही. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या भोकाची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे ज्याचा वेध घ्यायचा ती वस्तू पाहिली जात नाही, तिचे स्थान भोवतालच्या काळेपणावरून जाणले जाते. त्यातही नेमबाजाला दिलेली रूढ शिकवण अशी की डोळ्याची एकाग्रता लक्ष्यावर नसावी, नळीच्या टोकाजवळच्या दर्शकावर असावी. मोल्सवर्थच्या काळापासून मराठीत या भागाला माशी म्हणतात. स्पर्धेच्या रायफलीत ती कडीच्या आकाराची असते. त्या कडीत काळे वर्तुळ मधोमध बसले पाहिजे, मग ते किंचित धूसर दिसले तरी चालते. द्रोणाने आज हाच प्रश्न विचारला असता, तर 'मला माशी दिसते आहे' हे योग्य उत्तर ठरले असते आणि अर्जुनाचे चुकले असते.

याहून महत्त्वाचा भेद कालाचा आहे. अर्जुनाची परीक्षा एका बाणात संपते. अंजली भागवत यांच्या उमेदीच्या काळात स्त्रियांना पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटांत ४० छर्रे मारावे लागत आणि प्रत्येक वेळी उभे राहण्यापासूनची सारी जुळवाजुळव नव्याने करावी लागे. नेम फार वेळ धरून ठेवला तर डोळ्यात प्रतिमा ठरून जाते, हात थकतो, श्वास अपुरा पडू लागतो. अशा वेळी चाप न ओढता रायफल खाली घेणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, ही या खेळातील कदाचित सर्वांत अवघड कृती होय. आदिपर्वातील कथेत धनुष्य खाली ठेवणारे सगळे हरलेले आहेत.

मराठी भाषेने या संदर्भात एक उपकार करून ठेवला आहे. हिंदीत 'निशानेबाज' हा शब्द खुणेवरून आला, बंगालीतील 'लक्ष्यभेद' लक्ष्यावरून. मराठीतील 'नेम' हा 'नियम'चा तद्भव. नेम म्हणजे रोख, आणि नेम म्हणजे रोज चुकवायचे नाही असे व्रतही. नेमाने देवळात जाणारी बाई आणि नेम धरणारी बाई यांच्यात भाषेला फरक वाटलेला नाही. त्याला फारसीतला 'बाज' जोडून 'नेमबाज' हा धेडगुजरी शब्द तयार झाला. पण ज्या कारकिर्दीचा येथे विचार करावयाचा आहे तिच्या स्वरूपाशी तो पोपटाच्या डोळ्यापेक्षा कितीतरी अधिक इमान राखतो.

या कारकिर्दीची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध आले, दुसऱ्याने हिंदी लोकांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. साहित्याच्या इतिहासात पहिल्या कायद्याचा उल्लेख नेहमी होतो. दुसरा राजकीय इतिहासासाठी सोडून दिला जातो. पण शब्द आणि शस्त्र या दोहोंवर एकाच वर्षी पहारा बसला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांतच मागे घेण्यात आला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही १९५९ पर्यंत टिकला. परिणामी बंदूक चालवण्याची परंपरा सैन्याबाहेर उरली ती मुख्यतः संस्थानिकांच्या शिकारखान्यांत. स्वातंत्र्योत्तर काळातील पहिले मोठे भारतीय नेमबाज बिकानेरचे महाराजा करणीसिंह हे होते, यात आश्चर्य नाही. १९६८ साली अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या राज्यश्री कुमारी या त्यांच्याच कन्या, आणि पुढच्याच वर्षी तो मिळवणाऱ्या भुवनेश्वरी कुमारी याही राजघराण्यातीलच. १९८०च्या दशकात कोलकात्याच्या सोमा दत्त ऑलिम्पिकमध्ये उतरल्या आणि हे वर्तुळ थोडे रुंदावले.

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातील मुलगी या खेळात आली ती राजवाड्याच्या वाटेने नव्हे. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात ती राष्ट्रीय छात्रसेनेत होती. छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली आणि १९४९ पासून तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत घेतलेल्या या प्रशासकीय निर्णयाचे सांस्कृतिक परिणाम अद्याप नीट मोजले गेलेले नाहीत. ज्या घरात बंदूक असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या घरातील मुलीच्या हाती ती प्रथमच कायदेशीरपणे, गणवेशात आणि विनामूल्य आली. तेथून महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे वरळीचे नेमबाजी-मैदान, आणि पुढे संजय चक्रवर्ती यांचे मार्गदर्शन.

येथे चरित्रसाधनांची चिकित्सा करणे भाग आहे. प्रचलित चरित्रटिपणांत सांगितले जाते की, अंजली वेदपाठक वयाच्या एकविसाव्या वर्षी या खेळाकडे वळल्या आणि बंदूक हाती घेतल्यानंतर आठवडाभरातच त्यांनी १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवले. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९६९ चा. साधी वजाबाकी केली तर १९८८ साली त्यांचे वय अठरा-एकोणीस येते. दोन्ही विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. तरीही ती शेजारी शेजारी नांदतात, कारण दोहोंचे कथनातील कार्य एकच आहे : उशिरा सुरुवात आणि तत्काळ सिद्धी. चमत्कारकथेला दोन्ही हवेच असतात. छात्रसेनेतील कवायत, त्यातून शरीराला लागलेले वळण हे सारे या 'आठवडाभरा'त गडप होते. याउलट १९८८ चे पहिले पदक आणि २००० ची पहिली ऑलिम्पिक स्पर्धा यांच्यातील बारा वर्षे बहुतेक टिपणांत एका वाक्यात उरकलेली आढळतात. आठवड्याला परिच्छेद आणि तपाला वाक्य, असे हे प्रमाण आहे. खेळाच्या बाजूने पाहिले तर ते उलटे असावयास हवे होते.

नावाचाही प्रश्न आहे. सिडनीच्या निकालपत्रकांत आडनाव वेदपाठक आहे. राजीव गांधी खेलरत्न पुरस्काराच्या यादीत वेद आणि पाठक असे तोडून पुढे भागवत जोडलेले आहे. नंतर सर्वत्र अंजली भागवत. एकाच व्यक्तीच्या नोंदी वर्णक्रमात दोन-तीन ठिकाणी विखुरतात. पुरुष खेळाडूच्या बाबतीत हा प्रसंग येत नाही. मराठी संतस्त्रियांच्या किंवा एकोणिसाव्या शतकातील लेखिकांच्या नामनोंदींवर काम केलेल्या अभ्यासकाला ही अडचण परिचितच आहे. (दोन्ही आडनावे पाठ आणि पुराण यांच्याशी नाते सांगणारी आहेत, हा केवळ योगायोग, पण नेम या शब्दाचा दुसरा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला तो सुखावल्याशिवाय राहणार नाही.)

१६ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक ठरले ते स्त्रियांच्या एअर रायफलचे. अंजली वेदपाठक या स्पर्धेत 'वाइल्ड कार्ड'वर, म्हणजे नियमित पात्रतेऐवजी खास प्रवेशाने उतरल्या होत्या. प्राथमिक फेरीतून आठ जणींनाच अंतिम फेरी मिळे. त्या आठांत त्या आल्या आणि ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-नेमबाज ठरल्या. अंतिम क्रमांक आठवा. अमेरिकेच्या नॅन्सी जॉन्सन यांनी ४९७.७ गुणांनी सुवर्ण जिंकले, कोरियाच्या कांग चो-ह्यून यांना ४९७.५ वर रौप्य मिळाले. पन्नास छऱ्र्यांअंती अंतर दोन दशांशांचे. तीनच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, कर्णम मल्लेश्वरी यांनी भारोत्तोलनात कांस्यपदक मिळवले. भारतीय स्त्रीचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. साहजिकच सिडनीची राष्ट्रीय कथा त्यांची झाली. मल्लेश्वरींच्या खेळात वजन डोक्यावर जाताना दिसते. नेमबाजीत दिसण्याजोगे काहीच घडत नाही. प्रेक्षक पाहतो तो एक न हलणारा माणूस. कथनशास्त्राच्या दृष्टीने ही घटनेविना घटना आहे. तिचे वर्णन करताना बातमीदार उपमेकडे धावला आणि उपमा त्याच्यासाठी पुरस्काराच्या नावातच तयार होती.

पुढची तीन वर्षे या कारकिर्दीचा माथा. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. स्पर्धा मँचेस्टरची असली तरी नेमबाजी झाली ती सरे परगण्यातील बिस्ले येथे, जेथे ब्रिटिश रायफल संघटनेचे मैदान १८९० पासून आहे. शस्त्रांचा कायदा ज्या साम्राज्याने केला त्याच साम्राज्याच्या नेमबाजीचे हे माहेरघर. या चारांतील दोन पदके जोडीच्या प्रकारांतील होती; एअर रायफलमध्ये त्यांच्या जोडीदार सुमा शिरूर होत्या. 'चार सुवर्णपदकांची मानकरी' या पदबंधात हे सहज विसरले जाते. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत एअर रायफलचे सांघिक रौप्य मिळाले ते अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघींना. तिघीही चक्रवर्ती यांच्या तालमीत घडलेल्या. द्रोणाच्या कथेत शिष्य अनेक असतात, पण परीक्षेनंतर एकच उरतो. मुंबईच्या या गुरुकुलात तसे झाले नाही, आणि हीच बाब आदिबंधात बसत नसल्यामुळे अनुल्लेखित राहिली असावी.

२००२ मध्येच त्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेल्या, आणि म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' लढतीत त्यांनी एअर रायफलचे विजेतेपद मिळवले. २००३ साली मिलान येथे विश्वचषक अंतिम स्पर्धेचे सुवर्ण आले. ऑलिम्पिक नसल्याने यांपैकी म्युनिकची लढत सहसा तळटीपेत जाते. वस्तुतः तिचे महत्त्व वेगळे आहे, कारण तेथे स्त्रिया आणि पुरुष एकत्र उतरले होते. नेमबाजीत हे एरवी होत नसे. १९७६ मध्ये माँट्रियलला तीन स्थितींच्या रायफल प्रकारात स्त्री-पुरुष एकत्र होते. मार्गारेट मर्डॉक यांचे गुण लॅनी बॅशम यांच्याबरोबरीचे झाले, नियमाच्या छाननीत सुवर्ण बॅशम यांना गेले, आणि राष्ट्रगीताच्या वेळी बॅशम यांनी मर्डॉक यांना आपल्या शेजारी वरच्या पायरीवर घेतले. १९८४ पासून स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकार आले. त्यामुळे स्त्रियांना ऑलिम्पिकचे दार उघडले हे खरे. पण एअर रायफलमध्ये पुरुषांना ६० छर्रे आणि स्त्रियांना ४०, असा भेदही त्याबरोबर आला. ज्या खेळात स्नायूंच्या जोराला दुय्यम स्थान आहे, तेथे वीस छर्रे कमी का, याचे पटण्याजोगे उत्तर देता येत नाही. ४०० पैकी गुण आणि ६०० पैकी गुण यांची थेट तुलना होत नाही. त्यामुळे स्त्रीची कामगिरी पुरुषाच्या शेजारी ठेवून पाहण्याची सोयच उरली नव्हती. म्युनिकमध्ये ती एका दिवसापुरती मिळाली, आणि त्या दिवशी वर होती ती मुंबईची स्त्री.

अथेन्सला २००४ साली त्यांच्याकडून पदकाची अपेक्षा होती. अंतिम फेरीही लाभली नाही. त्या फेरीत पोचल्या सुमा शिरूर, आणि आठव्या आल्या. त्याच वर्षी क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती : चाळीस छर्रे, चाळीस वेळा तो न दिसणारा ठिपका. 'फक्त पक्ष्याचा डोळा' ही उपमा शब्दशः कोणाला लागू पडत असेल तर ती या दिवसाला. पण सार्वजनिक स्मृतीत ती एका नावाला आधीच देऊन झाली होती. अथेन्समध्ये दीपाली देशपांडेही तीन स्थितींच्या प्रकारात उतरल्या होत्या. अंजली भागवत २००८ साली बीजिंगला तिसऱ्यांदा ऑलिम्पिक खेळल्या. ते ऑलिम्पिक भारतीय स्मरणात आहे ते अभिनव बिंद्रा यांच्या एअर रायफलमधील सुवर्णासाठी. त्या सुवर्णाआधीची आठ वर्षे भारतीय एअर रायफलला जागतिक पातळीवर दखलपात्र ठरवण्याचे काम बव्हंशी स्त्रियांनी केले होते, हे नंतरच्या इतिहासलेखनात हळूहळू पुसट होत गेले. २०१० मध्ये म्युनिकलाच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, तेव्हा 'पहिली' हे विशेषण पुन्हा एकदा नव्याने वाटले गेले.

मधल्या काळात मोजमापच बदलले. २०१३ पासून अंतिम फेरी शून्यातून सुरू होऊ लागली, म्हणजे प्राथमिक फेरीतील आघाडी तेथे पुसली जाते; त्याच नियमावलीने एअर रायफलच्या प्राथमिक फेरीतही दशांश गुण आणले. दहाचा वेध आता १०.० ते १०.९ असा दहा पायऱ्यांत विभागला जातो. ४०० पैकी ४०० ही पूर्णत्वाची कल्पना त्याबरोबर संपली. २०१८ पासून स्त्रियांनाही ६० छर्रे मिळू लागले आणि १९८४ चा भेद मिटला. छंदशास्त्रात मात्रांची गणना बदलल्यावर जुनी रचना दोषयुक्त ठरत नाही, पण नव्या मापाने वाचताही येत नाही. जुन्या गुणपत्रकांचे तसेच झाले आहे.

संजय चक्रवर्ती २०२१ साली वारले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर तीन स्थितींमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. स्त्रियांच्या एअर रायफलमध्ये हरियाणाच्या रमिता जिंदल अंतिम फेरीत गेल्या, अथेन्सनंतर वीस वर्षांनी. त्यांच्या प्रशिक्षक सुमा शिरूर. बुसानच्या सांघिक रौप्यातील दोन नावे अशी नेमबाजांच्या रांगेमागे उभी होती. द्रोणाच्या जागी स्त्री, ही गोष्ट महाभारताच्या कोणत्याही प्रादेशिक रूपात सापडत नाही. रमिता यांचे प्राथमिक फेरीतील गुण होते ६३१.५, कमाल ६५४ पैकी. सिडनीत अंजली वेदपाठक यांची फेरी ४०० पैकी मोजली गेली होती. हे दोन आकडे एका तक्त्यात मांडायचे झाल्यास मधली ओळ रिकामी सोडावी लागते.